नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच मुली सोडून जातात, प्रवेश देतानाच काही ओळखता येतं का?

ट्यूटर_मिरज

नमस्कार सगळ्यांना. मी मिरजेजवळच्या एका खाजगी बी.एस्सी. नर्सिंग कॉलेजला शिकवते. आमच्याकडं दरवर्षी पहिल्या वर्षातनंच काही मुली सोडून जातात आणि यंदा मॅनेजमेंटनं आम्हा तिघींची कमिटी केलीय, की प्रवेश देतानाच नीट बघून घ्या म्हणजे मधेच सोडणारी मुलगी येणारच नाही. ऐकायला बरोबर वाटतं पण करायचं कसं ते कळंना म्हणून इथं विचारतेय.

मुळात निवड आमच्या हातात आहे किती? बहुतेक जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधनं, म्हणजे सामायिक मेरिट यादीनं भरतात, यादीत नाव आलं की मुलगी कागदपत्रं घेऊन दारात उभी, तिला आम्ही काय विचारणार. संस्था पातळीवरच्या आणि शेवटी उरलेल्या जागा, एवढ्यापुरताच आमचा संबंध, आणि तिथंही मेरिट लावावंच लागतं. सीईटी १०० मार्कांची, त्यातले २० मार्क नर्सिंग ॲप्टिट्यूडचे आहेत पण ते प्रश्न पाठ करून सुटतात, त्यावरनं मुलगी वॉर्डात उभी राहील का हे मला तरी कधी कळलं नाही.

सोडून जातं कोण? एक गट 'नीट' (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) दिलेल्या मुलींचा, आयुर्वेद-होमिओपॅथीचे राऊंड लांबत जातात, दिवाळीच्या पुढंमागं नंबर लागला की चालल्या. काहींना ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की एक ओळ पुढं सरकत नाही. काहींचं लग्न ठरतं. आणि काही अशा की पहिलं पोस्टिंग सर्जिकल वॉर्डात लागलं, डायबेटिक फूटचं, म्हणजे मधुमेहानं चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग बघितलं, शनिवारी घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की तोवर प्रवेशाची मुदत संपलेली असते, ती जागा मग त्या बॅचला शेवटपर्यंत रिकामीच, आणि इकडं आटपाडीची नाहीतर जतची एखादी मुलगी दोन-चार मार्कांनी हुकून घरी बसलेली असते.

प्राचार्य मॅडम म्हणतात इंटरव्ह्यू घेऊया. एक सहकारी म्हणतात बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि इंग्रजीत ४५ टक्के लागतात ते आपण ६० करूया. मला दोन्हीनं काही होईल असं वाटत नाही पण माझ्याकडं तरी तिसरं काय आहे. कुणी प्रत्यक्ष काही करून बघितलं असेल तर सांगा.


निवृत्त_सिस्टरट्यूटर_सातारा

मॅडम, या विषयावर मी गप्प बसू शकत नाही, त्यामुळं लांबणार आहे.

आधी ते ६० टक्क्यांचं सोडून द्या. ४५ टक्के ही इंडियन नर्सिंग कौन्सिलची अट आहे, एससी-एसटीला ४०, ती आपल्या मनानं वाढवायची सोय नाही आणि असती तरी करू नये. बारावीच्या मार्कांचा थिअरीच्या निकालाशी संबंध असतो, नाही असं नाही, एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींचे कितीतरी प्रबंध मी यावर तपासलेत. पण टिकण्याचं तसं नसतं. माण-खटाव, पाटणच्या डोंगरातनं आलेल्या काठावरच्या मुली चारही वर्षं चिवटपणे काढतात आणि ८० टक्केवाली दुसऱ्या महिन्यात बॅग भरते, हे तुम्हीही बघितलं असणार.

इंटरव्ह्यूचं म्हणाल तर तीन मॅडम टेबलामागं बसून "नर्सिंगला का यायचंय" विचारणार आणि मुलगी "रुग्णसेवेची आवड आहे" म्हणणार. सतरा-अठरा वर्षांची पोर दुसरं काय सांगणार? त्यातनं फक्त बोलक्या आणि शहरातल्या मुलींना मार्क पडतात. घ्यायचाच असेल तर सगळ्यांना तेच प्रश्न, आणि प्रश्न प्रसंगाचे. "आजी औषध घ्यायला नाही म्हणतेय, नातेवाईक तुझ्यावर ओरडतोय, तू काय करशील?" दोन शिक्षकांनी एकमेकांचं न बघता मार्क द्यायचे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं मेडिकलच्या प्रवेशासाठी असे छोटे छोटे अनेक इंटरव्ह्यू सुरू केले, प्रत्येक टेबलावर वेगळा प्रसंग, वेगळा परीक्षक, म्हणजे एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर मुलाचं नशीब ठरत नाही. नंतर नर्सिंगवाल्यांनीही ती पद्धत बऱ्याच देशांत घेतली. आपल्याकडं मेरिटनं प्रवेश असल्यामुळं त्या मार्कांवर कुणाला नाकारता येणार नाही, पण कुणाला कशात आधार लागणार आहे हे पहिल्याच आठवड्यात हातात येतं, माझ्या मते त्याचा खरा उपयोग तोच.

आता मी काय करायचे ते सांगते. प्रवेश घ्यायला आलेल्या मुलीला पाठ्यपुस्तकातलं अर्धं पान वाचायला द्यायचे आणि म्हणायचे, बाळ, काय लिहिलंय ते मला मराठीत सांग. आपल्याकडं अकरावी-बारावी सायन्स कागदावर इंग्रजीत असतं पण वर्गात शिकवतात मराठीत, त्यामुळं बारावीच्या इंग्रजीच्या मार्कांवरनं ती पान वाचू शकते का हे काहीही कळत नाही. ज्यांना जमायचं नाही त्यांची नावं मी लिहून ठेवायचे आणि त्यांचा वेगळा तास पहिल्या दिवसापासनं सुरू. नापास झाल्यावर नाही.

आणि फी भरायच्या आधी वॉर्ड दाखवायचा. मुलीला आणि सोबत आलेल्या आईला किंवा वडलांना. सिस्टरांना विचारून, पेशंटला त्रास होणार नाही असा, तासभर. बेडपॅन, स्पंजिंग, घशातला कफ ओढून काढायच्या सक्शन मशीनचा आवाज, नाईटची ड्युटी म्हणजे काय, सगळं खरं खरं सांगायचं. आमच्यातल्या काहींना वाटायचं असं दाखवलं तर ॲडमिशनच होणार नाहीत. एखादीच परत गेली असेल आणि तिच्या जागी पुढच्या यादीतली आली, मुदतीच्या आत आली. बाकीच्या थांबल्या त्या बघून थांबल्या. आणि वडलांनी एकदा डोळ्यांनी वॉर्ड बघितला की पुढं गावात कुणी काही बोललं तर ते स्वतः उत्तर देतात, याचं महत्त्व फार आहे.

नीटवाल्या मुलींना सरळ विचारा, पण धमकावू नका. "नंबर लागला तर जाणार आहेस का?" खरं सांगितलं तर तिला तोंडावर पाडायचं नाही. ज्या थांबतात त्यातल्या कितीतरी पुढं फार चांगल्या नर्स होतात.

राहिलं पहिलं सेमिस्टर. आपण २०२१-२२ पासनं सेमिस्टरवर आलो, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंग फाउंडेशन सगळं पहिल्याच सेमिस्टरला, आणि प्रवेश चालतात पार ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. शेवटच्या राऊंडला आलेल्या मुलीचं निम्मं ॲनाटॉमी बुडालेलं असतं आणि आपण तिला म्हणतो झेरॉक्स घे. ती मुलगी जाणारच. उशिरा आलेल्यांची वेगळी बॅच करून मागचं शिकवा, शिक्षक कमी पडत असतील तरी करा, एका शिक्षकामागं १० विद्यार्थी हे प्रमाण कौन्सिलनं उगाच घातलेलं नाही.

एम.एस्सी.ला आपण टिंटो या अभ्यासकाचा सिद्धांत शिकतो, १९७५ चा, की विद्यार्थी कॉलेजच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत मिसळला नाही तर तो सुटतो. परीक्षेत सगळ्या लिहितात. पहिल्या वर्षाच्या वर्गात उभं राहून ते बघायचं मात्र राहून जातं.


ब्रदर_जत

सिस्टरांनी मुलींचंच लिहिलंय, मुलांचं कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितो. मी जत तालुक्यातला, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून मग पोस्ट बेसिक म्हणजे त्यावरची बी.एस्सी. केली, आता दिल्लीकडं सरकारी हॉस्पिटलला नर्सिंग ऑफिसर आहे.

आमच्या बॅचची पोरं सोडून गेली त्याला अभ्यास हे कारण नव्हतंच. एक तर पोरांना हॉस्टेल नव्हतं, मुलींना कॅम्पसमध्ये आणि आम्ही गावात खोली करून, सकाळी वॉर्डला ८ ला पोचायचं म्हणजे डबा करून निघायचं आणि खोलीभाडं वेगळं. दुसरं म्हणजे गावात गेलं की "बायकांचं काम शिकतोय व्हय" हे ऐकायचं, सणाला घरी जायची भीती वाटायची. आणि तिसरं, जे कुणी आधी सांगत नाही, ते मॅटर्निटीचं पोस्टिंग. अभ्यासक्रमात मिडवायफरी म्हणजे बाळंतपणाचं काम सगळ्यांना आहे, मुलगा असला तरी डिलिव्हरीच्या केसेस पूर्ण कराव्याच लागतात, आणि पेशंटचे नातेवाईक तुम्हाला आत येऊ देत नाहीत, त्यांचंही चूक नाही, बाईला नको असेल तर नको. पण मग पोरगं लेबर रूमच्या बाहेर उभं राहतं, केसबुक रिकामं, आणि त्याला कुणी वाली नाही. आमच्याकडं एक मॅडम होत्या त्या स्वतः पेशंटशी बोलून, परवानगी घेऊन, स्वतः सोबत उभं राहून केसेस करून घ्यायच्या. त्यांच्यामुळं मी इथं आहे, दुसरं काही नाही.

प्रवेशाच्या वेळी मुलांना नोकरीचं पण खरं चित्र सांगा. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना, नॉरसेट ही त्यांची भरती परीक्षा द्यायची तर स्पर्धा किती आहे हे पहिल्या वर्षातच कळलं पाहिजे. कळलं म्हणून कुणी पळत नाही, उलट तयारीला लागतो. तिसऱ्या वर्षात कुणीतरी येऊन अर्धवट सांगतं आणि मग मन उठतं.


द्राक्षबागायतदार_तासगाव

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, बापाच्या बाजूनं लिहितो, चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या मुलीनं मागच्या वर्षी सोडायचं म्हणून सामान बांधलं होतं आणि कारण पैसा होता पण ती कॉलेजात "मला जमत नाही" असं सांगून आली होती. पोरी असंच सांगतात मॅडम. घरची अडचण बाहेर सांगायची नाही असं आपणच शिकवलेलं असतं. त्यामुळं तुमच्या रजिस्टरला सोडून जायचं कारण काय लिहिलंय त्याच्यावर जाऊ नका.

कॉलेज फी मागतं नोव्हेंबरात. ऑक्टोबर छाटणी झालेली असते, औषधं, मजुरी, डिपिंग, रोज फवारणी, घरातला होता नव्हता तो पैसा बागेत गेलेला असतो आणि पाऊस आला तर डावणी रोगाची भीती वेगळीच. आमच्या हातात पैसा येतो माल उतरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बेदाणा केला तर त्याच्याही पुढं. उसवाल्याचं बिल त्याच्या कारखान्यावर. नोव्हेंबरात सगळी रक्कम मागितली की मग सावकार नाहीतर मुलगी घरी, आणि घरात पोरगा पण शिकत असला तर कुणाला घरी बसवतात ते मी सांगायला नको. आम्ही ऑफिसात जाऊन बोललो, हप्ते पाडून मिळाले, मुलगी राहिली. पण बोलायला गेलो म्हणून. बरेच जण लाजेनं जातच नाहीत, कॉलेजनंच पहिल्या दिवशी सांगितलं की शेतकऱ्याला असे हप्ते मिळतील तर निम्मं काम होईल.

आणि एक. ओळखीच्या एका मुलीला दुसऱ्या एका ठिकाणी कॉलेज सोडताना दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं देईनात, चारही वर्षांची फी भरा म्हणाले. असं अडवून पोरगी टिकत नाही, एक वर्ष वाया जातं तिचं.


तिसरंवर्ष_विटा

मी सध्या थर्ड इयरला आहे आणि मी ती मुलगी आहे जिला अर्धं पान वाचता आलं नसतं 🙏

दहावीपर्यंत मराठी मीडियम, पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी दोन्ही राहिले. निकाल लागला त्या दिवशी मला वाटलं संपलं, आता वर्ष गेलं, घरी मामा म्हणाले सोड आता स्थळ आलंय चांगलं. आमच्या वर्गातल्या दोघी तेव्हाच गेल्या. मला आमच्या क्लास टीचरनी बोलावून सांगितलं की पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, वर्ग चालू राहतात, फक्त पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या आधी मागचं सगळं सुटलेलं पाहिजे. हे मला माहीतच नव्हतं!! त्या दोघींनाही माहीत नव्हतं. एवढी साधी गोष्ट, निकालाच्या दिवशी बोर्डावर लिहून लावली असती तर त्या गेल्या नसत्या असं मला अजून वाटतं.

तसंच हजेरीचं. थिअरीला ८० टक्के पाहिजे, प्रॅक्टिकलला पण ८०, आणि डिग्रीच्या आधी क्लिनिकलचे तास १०० टक्के भरावे लागतात. माझ्या रूममेटला टायफॉइड झाला, ती पंधरवडाभर घरी होती, आणि तिला वाटलं १०० टक्के म्हणजे आता आपण बाद. अगं तास नंतर भरून काढता येतात! तिला तर ते कुणी फोन करून पण सांगितलं नव्हतं.

इंग्रजीचं मी कसं केलं तर आम्ही चौघी रात्री हॉस्टेलला मोठ्यानं वाचायचो, एक वाचणार, दुसरी मराठीत सांगणार, आणि सरांनी परवानगी दिलेली की वर्गात प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल. आधी मी वर्गात तोंडच उघडायची नाही. सीनियरची नोट्स पाठ करून काही होत नाही, शब्द कळला पाहिजे. कम्युनिकेटिव्ह इंग्लिशच्या तासाला ते अर्ज लिहायला शिकवतात, त्यापेक्षा केस शीट वाचायला शिकवली तर जास्त उपयोग होईल. हे मत माझं.


ट्यूटर_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. विट्याच्या ताई, तुमचं ते निकालाच्या दिवशीचं वाचून मी आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्याकडं सोडून जाणाऱ्या मुलीचा फॉर्म भरून घेतात त्यात "वैयक्तिक कारण" असा एक रकाना आहे आणि जवळजवळ सगळ्यांनी तोच भरलाय.

वॉर्ड आधी दाखवायचं मला पटलं. पण पहिल्या पोस्टिंगचं काय करायचं? सर्जिकलला पाठवलं तर घाबरतात आणि न पाठवून कसं चालेल.


इनचार्ज_सिव्हिल

मी वॉर्ड इनचार्ज आहे, कुठं ते लिहीत नाही. आमच्याकडं वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुली येतात त्यामुळं बरंच बघायला मिळतं.

ड्रेसिंग बघून मुलगी पळत नाही हो. रक्त बघून चक्कर सगळ्यांनाच येते, मलाही आलेली, पाणी पिऊन पुन्हा उभं राहायचं असतं. ती पळते कारण तिला चक्कर आल्यावर तिच्याजवळ कुणी नसतं. कॉलेजची मॅडम सही करून गेलेली, माझ्याकडं एका सिस्टरमागं इतके पेशंट की मी तिच्याकडं बघू शकत नाही, आणि स्टाफ कमी म्हणून तिला कुणीतरी सांगतं, ए स्टुडंट, हे ट्रे धू, तो लॅबला सॅम्पल देऊन ये, ट्रॉली ढकल. दिवसभर पळून संध्याकाळी तिच्या लॉगबुकात लिहायला एक प्रोसिजर नसते. हे माझ्याही वॉर्डात होतं आणि मी ते बंद करायला लावते तेव्हा माझ्यावर माणसं नाराज होतात, होऊ देत. शिकायला आलेली मुलगी ही मावशींची बदली नाही.

काय करा ते सांगते. पहिले काही दिवस एका मुलीला एकच पेशंट द्या, शक्यतो बरा होत चाललेला, बोलणारा, एखादी म्हातारी आजी असली तर उत्तमच. तिचे व्हायटल्स म्हणजे ताप-नाडी-बीपी, तिची आंघोळ, तिचं खाणंपिणं, तिच्याशी बोलणं, बास. आजी घरी जाताना डोक्यावरनं हात फिरवून जाते आणि मग त्या मुलीला कुणी नर्सिंग सोड म्हणून बघावं. त्यानंतर ड्रेसिंगला न्या, आधी लांबनं बघू दे, मग सामान द्यायला उभी कर, मग हात लावू दे. आणि वॉर्डात पहिला मृत्यू झाला की त्या दिवशी मुलींना तसंच हॉस्टेलला पाठवू नका. बसवा, चहा द्या, बोलू द्या. घरी फोन करून रडणारी मुलगी आईला एवढंच सांगू शकते की मला इथनं ने, आणि आई नेणारच.

मॅडम तुम्ही स्वतः वॉर्डात थांबा, पहिले पंधरा दिवस तरी. कागद नंतर होतील.


निवृत्त_सिस्टरट्यूटर_सातारा

इनचार्ज सिस्टर, तुमच्यासारखी एक वॉर्डात असली की आम्ही निर्धास्त असायचो.

तासगावच्या दादांनी फीचं लिहिलंय त्यावर थोडं. २०२४-२५ पासनं ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे आणि ज्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत आहेत त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं, आधी निम्मी भरायचं. पण प्रवेश कॅपमधनं झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला ते नाही, आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. कितीतरी पालक घाईत, गावातल्या एजंटचं ऐकून मॅनेजमेंटची सीट घेतात आणि नंतर कळतं. म्हणून ट्यूटर मॅडम, ही माहिती तुम्ही बारावीच्या निकालाच्या आधीच जत, कवठेमहांकाळ, आटपाडीच्या ज्युनिअर कॉलेजांत जाऊन सांगा, तुमच्या कॉलेजची जाहिरात म्हणून नको. सीईटीचा फॉर्म भरायची तारीख गेली की पुढं काही करता येत नाही.

हॉस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना. अनुसूचित जातीच्या मुलींना स्वाधार ही योजना आहे. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार बँकेला जोडलेलं, यातलं एक काहीतरी राहतंच आणि पोरगी सायबर कॅफेत हेलपाटे घालते. आमच्या वेळी ऑफिसातला एक क्लार्क प्रवेशाच्या महिन्यात फक्त हेच करायचा, तुमच्या कमिटीनं पहिली मागणी तीच करावी असं मी म्हणेन.


द्राक्षबागायतदार_तासगाव

बाई, अल्पभूधारकाचा दाखला तलाठ्याकडं मागायचा की तहसीलला? आणि भावाभावांत सातबारा एकत्र असला तर चालतो का, आमचं अजून वाटप झालेलं नाही.


निवृत्त_सिस्टरट्यूटर_सातारा

दाखला तहसील कार्यालयातनं मिळतो दादा, अर्ज सेतूत नाहीतर आपले सरकारवर करायचा, सोबत सातबारा आणि आठ-अ लागतो, तलाठ्याचा अहवाल त्यावर होतो. एकत्र सातबाऱ्यावर तुमच्या नावापुढं क्षेत्र किती लागलंय ते आठ-अ वर बघा आणि तो उतारा घेऊनच सेतूत जा, म्हणजे दुसरा हेलपाटा पडणार नाही. मुलीचं बँक खातं तिच्या स्वतःच्या नावावर आहे ना? नसेल तर ते आधी काढा.